लाखाची चोच

३ एप्रिल, गुरुवार. ऊन ४०.

सकाळी एक म्हैस (शिंग मुळातून मोडलेलं, रक्ताची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर), दोन शेळ्या. दुपारी डॉक्टर मॅडमनी कागदांचा गठ्ठा हातात दिला. "भानुदासराव, तुमच्या कामाचं आहे, वाचा." दिल्लीचा मसुदा, मराठीत केलेला. जिवंत कोंबड्या विमानानं न्यायच्या तर आता नवा कायदा येणार. मोठा नर असेल तर परवाना वेगळा, तपासणी वेगळी, पेटीचं माप वेगळं. महिनाभरात हरकती द्या, म्हंजे आम्ही त्या वाचल्यासारखं करू.

कलम सात वाचून चहा नाकात गेला. "प्रवासात पक्ष्याची चोच कोणत्याही साधनाने बांधता येणार नाही." ज्यानं हे लिहिलं त्यानं झुंजीचा जिता असील कोंबडा कधी बगलेत धरलाय का? आमचे आबा यष्टीनं हैदराबादपर्यंत कोंबडे न्यायचे, सीटखाली, चोच बांधून. नाही बांधली आन् आरवला की कंडक्टर मधीच उतरवायचा. शिवाय आबा म्हणायचे, चोच बांधली की कोंबड्याचा राग आत राहतो, मैदानात सोडला की मगच बाहेर येतो.

संध्याकाळी शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर रावसाहेबाला वाचून दाखवलं. आमचे धाकटे बंधू. कोंबडा म्हटलं की बायकोचं नाव विसरणारे. बादली लाथेनं उडवली, ती जाऊन कुत्र्याला लागली. "ज्यानं ह्ये ल्हिलं त्याचीच चोच बांधतो म्या. दादा, तुम्ही हरकती ल्हिवा. तुमचं अक्षर चांगलंय." तालुक्यातल्या समद्या असीलवाल्यांच्या हरकती मीच लिहायच्या असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार.

सतरा हरकती लिहिल्या. बोटं आखडली. कलम सातवर माझी स्वतःची, सगळ्यात ठसक्यात. उतरवून ठेवतो:

"चोच बांधणे ही आमची पिढीजात पद्धत असून त्यात पक्ष्याला कसलाही त्रास होत नाही, हे मी तीस वर्षांच्या नोकरीच्या अनुभवावरून खात्रीने सांगतो. सबब हे कलम काढून टाकावे."

खाली सही. रावसाहेब (इथून पुढं नुसतं रा.) म्हणाला, हुद्दा पण टाका, वजन पडतं. टाकला. व्रणोपचारक (म्हंजे मलमपट्टीवाला), पशुवैद्यकीय दवाखाना. मॅडमकडं देऊन टाकल्या, त्या पुढं पाठवणार.

६ एप्रिल, रविवार. ऊन ४१.

माळावर झुंज. सौ. झुंजीच्या दिवशी माझ्याशी बोलत नाही, भाकरी झाकून ठेवून शेजारी निघून जाते. जाऊ दे.

आमचा लाखा, समोर परांडेकराचा पांढरा नूरी. पहिल्या उडीतच नूरीनं लाखाची छाती फाडली. रा. ओरडायला लागला, शिव्या, आईवरनं, बहिणीवरनं. मग लाखा फिरला. खाली बसल्यासारखा झाला आन् तिथून उसळला. चोच मारली ती नेम धरून, डोळ्यातच. नूरी गोल गोल फिरत होता, ज्या बाजूनं दिसत नाही त्या बाजूनं लाखा मारत होता. हुशार जनावर. शेवटी नूरी वाळूत तोंड खुपसून पडला. परांडेकरानं त्याला उचललं, मान पिरगाळली आन् बाभळीत फेकून दिला. कुणाकडं बघितलं नाही.

खोटं कशाला लिहू, अंगावर काटा आला तो आनंदानं. आबांची जात आहे. आबांच्या आबांपासून ह्या रक्ताचे कोंबडे आमच्या घरात आहेत. आता वयात आलेला नर एवढा एकच.

छातीला सात टाके घातले. सरकारी रेशमी दोरा, काळा. दत्तूनं लाखाला धरलं. दत्तू धरतो तसं कुणाला जमत नाही, जनावर त्याच्या हातात आपलं आपण गप होतं. पिकअप चालवतो, आमच्याच गावचा. त्याची गाय अडली होती तेव्हा मी खांद्यापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढलं होतं, तेव्हापासून मला दादा म्हणतो आन् रावसाहेबाचे नखरे माझ्यासाठी सोसतो.

टाके बघून म्हणाला, "दादा, तुमची गाठ कुटंबी वळखू येती. दोनदा पिळा आन् मंग उलटा फास."

८ एप्रिल, मंगळवार.

झुंजीची फिल्म कलकत्त्याच्या माणसानं बघितली. लाखा पाहिजे. पैदाशीसाठी, सहा महिन्यांत परत पाठवतो म्हणे. सोबत जावा आन् काबरा हे आमचे दोन कोवळे कोंबडे पण. रा. चा जीव वरखाली, पण म्हणाला, "पाठवू. कायदा व्हायच्या आत एकदा तरी आबांचं रक्त इमानात बसू द्या."

मॅडमनी आरोग्य दाखला दिला. छातीच्या टाक्यांवर बोट ठेवून विचारलं, हे काय? म्हटलं, तारेला अडकला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् सही केली. बाई चांगली आहे. तेवढंच वाईट वाटतं.

११ एप्रिल, शुक्रवार. ऊन ४२, सावलीत.

फटफटताना पेट्या भरल्या. जावा आन् काबरा गरीब, तसेच ठेवले. लाखा पेटीला बघूनच फुगला. चोच बांधली. रेशमी दोरा, दोनदा पीळ, उलटा फास. दत्तूला सांगितलं, वाटंत सोडू नको, तिकडं उतरल्यावर तेच सोडतील. दत्तू म्हणाला, "व्हय दादा."

दुपारी एक चाळीसला त्याचा फोन. विमानतळाच्या फाटकाबाहेर रांगेत उभा, अजून दोन तास लागतील म्हणे.

"दादा, लाखाचा गळा लई उडायलाय. डोळं झाकायलाय. सोडू का दोरा?"

मी दवाखान्यात, समोर बैल आडवा पाडलेला, दोन माणसं त्याच्यावर बसलेली. म्हटलं, "नको. सोडला की आरवंल, आन् आरवला की कार्गोवाले पेटी घ्यायचे न्हाईत. पाणी शिंपड वरनं."

"शिंपडलंय. पर त्याला तोंड उगडाया पायजे, दादा."

"तुला जास्ती कळतंय का?" म्हटलं आन् फोन ठेवला.

तीन वीसला परत फोन. लाखा गेला. कार्गोवाल्यांनी तिन्ही पेट्या परत केल्या.

जावा आन् काबरा जिते आहेत.

हे शेवटचं वाक्य लिहून अर्धा तास बसलोय.

१२ एप्रिल, शनिवार. पौर्णिमा.

येरमाळ्याच्या यात्रेच्या गाड्या सकाळपासून रस्त्यानं, हलग्या वाजत होत्या. दत्तू दहाला कोठ्यावर आला. रा. आधीच पेटलेला होता, कारण तवर कुणीतरी फाटकावर काढलेली फिल्म सगळीकडं फिरली होती. मेलेला लाखा, पाय वर, आन् खाली अक्षरं: विमानप्रवासात कोंबड्यांचे हाल. "इमानात चढलाच न्हाय आन् इमानानं मारला म्हनायलेत! ऐन कायद्याच्या वक्ताला!" दत्तू पेटी घेऊन खाली उतरला तो पहिला ठोसा तोंडावरच.

मी पारावर बसलो होतो. वीस पावलांवर. जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच मला वेगळं सांगेन.

रा. म्हणाला, "उनात गाडी लावून चहा ढोसत बसलास का न्हाय?" दत्तू म्हणाला, न्हाय. दुसरा ठोसा. दत्तू खाली पडला, उठला. रा. नं पिकअपमधला जॅकचा दांडा काढला. पाठीत घातला, मांडीवर घातला. आवाज ओल्या कपड्यावर धोपाटणं मारल्यासारखा. दत्तूनं हात वर केला नाही. फक्त म्हणाला, "दादांना इचारा. म्या फोन केल्ता दादांना."

रा. थांबला. माझ्याकडं वळला. घामानं डबडबलेला, दांडा हातात.

"केल्ता का फोन?"

मी म्हणालो, "आला होता. पर आवाज तुटत होता. काय कळलं न्हाय."

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. रा. डावखुरा आहे. दांडा उजव्या डोळ्यावर बसला. दत्तू गुडघ्यावर बसला आन् ओंजळ धरली तोंडाखाली, रक्त सांडू नये अशी.

तेव्हा मी उठलो. तेव्हा.

१३ एप्रिल, रविवार.

बार्शीला दवाखान्यात. डोळा गेला. मला कालच कळलं होतं, आयुष्यभर दुसरं काय बघितलं? तिथल्या डॉक्टरनं पोलिसांना कळवायचं म्हटलं तर दत्तूच म्हणाला, "गाडीच्या फाळक्यावरनं पडलो. जॅकवर तोंड आपटलं." त्याची बायको सुमन खाटेच्या कडेला उभी होती. ती माझ्या पायांकडं बघत होती, तोंडाकडं नाही.

घरी आल्यावर सौ.नं विचारलं, तुम्ही होतात का तिथं? म्हटलं, होतो. "मंग दातखीळ बसली होती का तुमची?"

जेवलो नाही. ती पण नाही.

१४ एप्रिल.

सुट्टी. दोन दिवस बर्फात ठेवलेल्या लाखाला चिंचेखाली पुरला. पुरण्याआधी चोच उघडून बघितली. जीभ काळी-निळी. चोचीला दोऱ्याचा वळ, दोरा नाही.

दोरा कुठं गेला?

१६ एप्रिल, बुधवार. ऊन ४२.

डॉक्टर मॅडम आज टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "तीन पक्षी, एकच गाडी, एकच ऊन. मग एकच कसा मेला, भानुदासराव?" मी म्हटलं, जखमी होता. "हं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं: "पक्ष्याला घाम येत नाही. तोंड उघडं ठेवून धापा टाकल्या तरच तो गार होतो. शिबिरात तुम्हीच सांगता की हे दरवर्षी बायकांना."

सांगतो. दरवर्षी सांगतो. फळ्यावर कोंबडीचं चित्र काढून सांगतो, आ वासलेली कोंबडी, चित्र बघून बाया हसतात. मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं नाही. पण ती कोंबडी वेगळी, बचत गटाची. लाखा म्हंजे आबांचा कोंबडा, त्याला आबांचा नियम. माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी तीस वर्षं शेजारी शेजारी राहिल्या आन् एकदा पण त्यांनी एकमेकींचं तोंड बघितलं नाही. तूच मारलास त्याला, भान्या. शिकलेल्या गाढवा.

मॅडमनी जाताना एवढंच सांगितलं की माझी कलम सातची हरकत पुढं गेली आहे. तीस तारखेला धाराशिवला सुनावणी. ज्यांनी हरकत दिली त्यांनी हजर राहून मांडायची.

१८ एप्रिल, शुक्रवार.

दत्तू घरी आला. भेटायला गेलो, सोबत मोसंब्या. सुमननं पिशवी घेतली नाही, उंबऱ्यावर ठेवावी लागली. दत्तू खाटेवर, अर्ध्या तोंडाला पट्टी.

"बसा, दादा."

बसलो. पट्टी बदलून दिली, तेवढं तरी येतं मला. विचारलं, दुखतंय का? म्हणाला, "डोळा न्हाय दुखत. मान दुखती. सारकं वळून बगावं लागतंय."

दोऱ्याचं विचारायचं होतं, तेवढं सोडून सगळं बोललो. पाऊस, वैरण, गाईचं. निघताना सुमन मागून म्हणाली, "गाडी कोन चालवनार आता? तुमी?"

चालायला लागलो.

२१ एप्रिल, सोमवार.

रा. नं डोकं चालवलंय. सुनावणीत साहेब लोक ती फिल्म दाखवणार, विमानात कोंबडे मरतात म्हणणार. म्हणून दत्तूनं लिहून द्यायचं, की मी गाडी उन्हात लावली, पेटी झाकली, पाणी पाजलं नाही, चूक माझी. म्हंजे दोष ड्रायव्हरचा, विमानाचा नाही, चोच बांधण्याचा तर नाहीच नाही. आन् ते लिहायचं कुणी? ज्याचं अक्षर चांगलं त्यानं.

म्हटलं, तू त्याचा डोळा फोडलास आन् आता त्याच्याकडूनच...

"रागात हात उटला, दादा. मानूस हाय म्या. आन् कोंबडा त्यानं मारला का न्हाय? तुमीच सांगा."

लिहून दिलं. अर्धा कागद. अक्षर खरंच चांगलं आलंय.

२२ एप्रिल.

काही नाही. एक वासरू मेलं.

२४ एप्रिल, गुरुवार. ऊन ४३.

आज रावसाहेबाला सांगितलं. पोटात मावेना झालं होतं. कोठ्यावर तो जावाच्या पायाला तेल चोळत होता. म्हटलं, "चोच म्या बांधली होती. दत्तूनं सोडू का म्हणून विचारलं, म्या नको म्हटलं. आवाज तुटत नव्हता. समदं नीट ऐकू आलं होतं."

तो तेल चोळत राहिला. मग जावाला खाली ठेवला. उठला, जवळ आला आन् थोबाडीत मारली. चष्मा गवतात. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा, आबा गेल्यावर मीच त्याला शाळेत घातलेला. एक नाही, तीन मारल्या. ओठ फुटला.

"आता सांगतोस व्हय रं? म्या त्याचा डोळा फोडतवर बगत बसलास आन् आता सांगतोस?" जन्मात पहिल्यांदा अरे-तुरे केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं का कशाचं देव जाणे. "आता काय त्याचा डोळा परत बसवनार हायेस का तू? तुजी नोकरी जाईल, माज्यावर केस व्हईल, आन् कायदाबी व्हईल. गप ऱ्हा. गप ऱ्हायाची सवय हायच तुला."

मग त्यानं जावाची तंगडी धरली आन् दावणीच्या दगडावर आपटला. एकदाच. काबरा पिंजऱ्यात फडफडत राहिला.

मी मारण्यासाठी हात उचलला होता. हातात विळा होता हे नंतर कळलं. खाली टाकला. लिहायला लाज वाटते, पण क्षणभर बरं वाटलं होतं, विळ्याची मूठ हातात आल्यावर.

२५ एप्रिल.

सौ.नं ओठावर हळद लावली. सगळं सांगितलं तिला. ती म्हणाली, "मला काय सांगता? ज्येला सांगायचं त्येला सांगा."

२७ एप्रिल, रविवार.

दत्तूकडं गेलो, त्याला सगळं सांगायला. आधी माफी, मग कागद फाडायचा असं घोकत गेलो. जाऊन बघतो तर रा. सकाळीच येऊन सही घेऊन गेलेला. दत्तू म्हणाला, "केली सही. वाचली पर. तुमचं अक्षर बगून वाचली."

म्हटलं, "दत्तू, कोंबडा तुज्यामुळं न्हाय मेला."

"ठावं हाय की."

"म्या तुला खोटं पाडलं."

"त्येबी ठावं हाय." तो हसला, एका बाजूनं. पट्टीनं दुसरी बाजू ओढलेली. "दादा, त्या दिशी म्या इचार केला, मानूस भ्यालं का असं बोलतं. उद्या सांगतील. मंग परवा सांगतील म्हनलं. दवाखान्यात आलाव तवाबी वाट बगितली. मोसंब्या आनल्या तवाबी."

मग त्यानं उशाखालून पाकीट काढलं. लायसनच्या मागं घडी घातलेला कागद, त्यात दोरा. काळा, रेशमी. मधी दातानं तोडलेला, पण गाठ तशीच. दोनदा पीळ, उलटा फास.

"फाटकावर दातानं तोडला. उशीर झाल्ता. तवा कार्गोवाल्यांनी इचारलं, तोंडाला काय व्हतं? म्या म्हनलं, काय न्हवतं. हे तुमच्यापशी ऱ्हाऊ द्या. माज्याकडं घावला तर तुमची नोकरी जायाची, दोन वर्सं ऱ्हायलीत."

सुमन चुलीपाशी होती. ती उठली, आली आन् दत्तूच्याच गालात एक ठेवून दिली. पट्टी नसलेल्या. "डोळा गेला तरी ह्येंची नोकरी बग," म्हणाली, आन् भिंतीला टेकून मोठ्यानं रडायला लागली. दत्तूनं गाल चोळला नाही. मी दोरा खिशात घातला. का घातला? तिथंच चुलीत टाकायचा किंवा तिथंच पोलिसाला द्यायचा. मी खिशात घातला.

२९ एप्रिल, मंगळवार.

नवीन कागद लिहिला. चार वेळा. पहिला लांबला, दुसऱ्यात स्वतःची बाजू घेतली, तिसऱ्यात रडलो. चौथा सात ओळींचा: चोच मी बांधली. सोडू नको असं मीच सांगितलं. पक्षी त्यामुळं मेला. दत्तूची चूक नाही, त्याला माझ्या खोटेपणामुळं मारहाण झाली आन् डोळा गेला. कलम सातवरची माझी हरकत मी परत घेतो. ते कलम बरोबर आहे. दोरा सोबत जोडला आहे. टाचणीनं टोचला. खाली हुद्दा टाकला, वजन पडतं म्हणून.

मारलं कुणी ते लिहिलं नाही. भाऊ आहे. बघा, अजून पण.

परत काढून मारहाणीची ओळ खोडली आन् त्याचं नाव घातलं. आता कागदावर खाडाखोड दिसते. दिसू दे.

३० एप्रिल, बुधवार. धाराशिव.

सकाळी जीपमध्ये रा. पुढं, मी आन् दत्तू मागं. रा. नं दत्तूला नवा पांढरा सदरा घेऊन दिलाय, डोळ्याला हिरवी पट्टी. वाटंत एकदा रा. नं आरशातून विचारलं, "दादा, तुम्ही कागद घेतले का?" अहो-जाहो परत सुरू. म्हटलं, घेतले. दोन्ही खिशात आहेत, उजव्यात रा. नं माझ्याकडं दिलेला दत्तूच्या सहीचा, डाव्यात माझा.

हॉल गच्च. खुराडेवाले, पिल्लांच्या कंपनीवाले, जनावरांची दया येणाऱ्या दोन शहरी बाया, पोलीस एक. आमच्या मॅडम कडेला, मान खाली घालून. पंखे फिरतात, वारा नाही. फिल्म दाखवली. भिंतीवर लाखा माणसाएवढा मोठा दिसला, चोच उघडी. रा. ओरडला, खोटं हाय ह्ये, बसवला त्याला.

आता एकेक कलम घेतायत. वही मांडीवर ठेवून लिहितोय, हाताला काम पाहिजे. दत्तू माझ्या डाव्या हाताला बसलाय, म्हंजे गेलेला डोळा माझ्याकडं. मी काय लिहितोय ते त्याला दिसत नाही. सुमननं त्याला काहीतरी शिकवून पाठवलंय की नाही ते मला कळत नाही. मघापासून तो मान वळवून रावसाहेबाकडं बघतोय, मग माझ्याकडं, मग परत.

कलम पाच. पेटीचं माप. एक माणूस अर्धा तास भोकांवर बोलला.

कलम सहा. तोंड कोरडं पडलंय. पाण्याची बाटली रा. कडं आहे, मागायची नाही.

आत्ता दत्तू कानाशी म्हणाला, "दादा, तुम्ही बसून ऱ्हावा. म्या माजा कागद वाचतो, लवकर मिटंल." त्याचा कागद माझ्या खिशात आहे हे तो विसरला, का त्याला तो पाठ आहे?

कलम सात पुकारलं. माझं नाव, हुद्द्यासकट. रा. वळून बघतोय.

माझ्या आधी दत्तू उठायलाय. डाव्या हातानं त्याचा नवा सदरा धरलाय, घट्ट, फाटला तर फाटू दे. बस म्हटलं त्याला.

डाव्या खिशातला कागद काढायचाय, वही मिटतो.